मराठी सिनेमा घरी बघायचाय: मुख्य वाहिनी, सिनेमावाहिनी की ओटीटी?

इंदूरला मराठी सिनेमा लागलाच तर दिवसाला एखादा खेळ, तोही अडनिड्या वेळी. त्यामुळे रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरात टीव्हीवरच्या प्रीमियरची वाट बघणारी घरं अजून पुष्कळ आहेत. हिंदी पॅकमध्ये मराठी वाहिन्या बहुधा नसतात, वेगळ्या घ्याव्या लागतात. मग झी मराठी, स्टार प्रवाह यांसारखी मुख्य वाहिनी घ्यावी, झी टॉकीज किंवा प्रवाह पिक्चर घ्यावी, की तेच पैसे ओटीटीवर घालावेत?

आधी वाहिनीला प्रीमियर कशासाठी हवा असतो, ते बघू. मालिकेचा प्रेक्षक रोजचा, ठरलेला. गाजलेला सिनेमा मात्र एरवी ती वाहिनी न लावणाऱ्यालाही एखाद्या रविवारी समोर बसवतो. त्या आठवड्याचा टीआरपी वधारतो आणि जाहिरातीच्या दहा सेकंदांना चढा दर मागता येतो. शिवाय त्या पाहुण्या प्रेक्षकाला येणाऱ्या मालिकेचे प्रोमो पुन्हा पुन्हा दाखवता येतात. मला तर हा शेवटचा फायदाच सर्वांत मोठा वाटतो, कारण सिनेमा एका दिवसाचा आणि मालिका वर्षभराची. हा सगळा जोर पहिल्या खेळाला असतो, पुढे ओसरत जातो. म्हणून मोठा सिनेमा बहुतेकदा आधी मुख्य वाहिनीवर येतो, मग त्याच समूहाच्या सिनेमावाहिनीवर फिरत राहतो.

म्हणजे थोडा धीर असेल आणि मालिकांची ओढ नसेल, तर सिनेमावाहिनी पुरते. झी टॉकीज 2007 पासून आहे, प्रवाह पिक्चर 2022 मध्ये आली.

ओटीटीवर सिनेमा आता सहसा टीव्हीच्या आधीच येतो. मोठ्या मल्टिप्लेक्समध्ये लागलेले हिंदी सिनेमे साधारण आठ आठवड्यांनी. त्यामुळे प्रीमियरचं नवेपण कमी झालंय आणि वाहिन्याही हक्क घेताना हात आखडता घेऊ लागल्या आहेत. टीव्हीवर जाहिरातींना तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे. ती पाळली तरी अडीच तासांचा सिनेमा तीन तासांच्या वर जातो. ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा टीव्हीसाठी कापून पुन्हा प्रमाणित करावा लागतो, तेव्हा अखंड सिनेमा हवा असेल तर ओटीटीच बरं.

तरीही घरात आई-आजी असतील तर मी मुख्य वाहिनीच घ्यायला सांगेन. आमच्याकडे रविवारी प्रीमियर असला की सासूबाई शनिवारीच शेजारच्या काकूंना निरोप देतात, पोह्यांचा घाणा मोठा होतो, आणि जाहिराती लागल्या की दोघींच्या गप्पा सुरू होतात. मोबाइलवर एकट्यानं बघताना हे कुठून येणार?

घेताना मात्र अख्खा गठ्ठा घेऊ नका. 2019 पासून वाहिनी सुटीही घेता येते, तेव्हा ऑपरेटरला हव्या त्या वाहिनीचं नाव आणि तिची छापील किंमत विचारा.