गंजलेला पत्रा: तुकडा वर चढवायचा की काठाला काठ जोडायचा?

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं पुढचं मडगार्ड गंजतं ते मागच्या-खालच्या कोपऱ्यात. चाकाने उडवलेला चिखल आत साचून राहतो आणि रंगाला फोड येईपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो. पुट्टी विसरा. फोडाच्या भोवती अजून २०-२५ मिमी, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा. बॅटरी आणि आल्टरनेटर आधी सोडवून ठेवा. काप सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पेटीत, शिरणार असेल तर गाडी चाकांवर उभी असताना दाराच्या चौकटीत अँगलचा आधार ठोका. या गाडीला वेगळी चॅसी नाही, सिलच भार पेलते.

वर चढवायचं म्हणजे जुना काठ जॉगलरने (कडेला पायरी पाडणारं हत्यार) पत्र्याच्या जाडीइतका दाबून नवा तुकडा १०-१२ मिमी त्यावर बसवायचा आणि ५-६ मिमीच्या भोकांतून, ३०-४० मिमी अंतरावर, वेल्ड भरायचा. माप थोडं चुकलं तरी निभावतं, पत्राही कमी ओढला जातो. बहुतेक टिंकर हेच सुचवतील, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही.

काठाला काठ हे चिकट काम. २० गेजचा सीआर (कोल्ड-रोल्ड) पत्रा, फट जेमतेम १ मिमी, सीओटू वेल्डिंगची तार ०.६ मिमीची. २५-३० मिमीवर वेल्डचा एकेक टाका, तोही उड्या मारत. आधीचा टाका हात लावण्याइतका निवल्याशिवाय शेजारी जायचं नाही. सलग ओढलात की पत्र्याला लाट येते, मग मागून डॉली (हातातला लोखंडी ठोकळा) धरून ठोकत बसा. फट मोठी राहिली तर भोकच पडतं. वाऱ्याने गॅस उडाला की टाक्यात सुया-भोकं राहतात, म्हणून किनाऱ्याजवळच्या गॅरेजमध्ये दुपारच्या वाऱ्यापूर्वी, सकाळीच उरकलेलं बरं.

एवढा व्याप करूनही मी काठाकडेच झुकतो, कारण चढवलेल्या तुकड्याची आतली कड. दोन पत्र्यांमधल्या त्या फटीत ओल शिरते ती सुकतच नाही. झिंक प्रायमर मारला तरी वेल्डभोवती तो जळून जातो, आणि सीलर आत पोचेल याची खात्री नाही. गोव्यातल्या खाऱ्या हवेत एक-दोन पावसाळे गेले की जोडाच्या रेषेतच फोडांची रांग उठलेली पाहिली आहे. गडद रंगावर तर त्याआधीच, उन्हात गाडी तापली की, रेषा डोकावते. कारखान्यातले जोडही एकावर एकच असतात म्हणाल, तर गंजही बहुधा तिथूनच सुरू होतो!

फ्लोअरची गोष्ट वेगळी. तिथे वरून सीलर आणि खालून अंडरकोट, दोन्हीकडे हात पोचतो. वर चढवलेला तुकडा खुशाल चालेल. सिलच्या मूळ कडाही कारखान्यासारख्या एकावर एकच जोडाव्यात.

पद्धत कुठलीही निवडा, उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. जूननंतर सकाळपर्यंत तांबूस साय धरते, म्हणून इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी. रंग झाल्यावर पोकळीत लांब नळीने गंजरोधक मेण मारा आणि नंतर सिलखालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, मेणाने ती हमखास बुजतात.