तांबट आळीतलं कल्हईचं पातेलं

बासुंदीसाठी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून जाड तांब्याचं पातेलं घेतलं. आतून कल्हई, बाजूंना पितळी कड्या. आटवायच्या दुधाला याहून चांगलं भांडं मी वापरलेलं नाही. स्टीलच्या पातळ पातेल्यात ज्योतीवरचं दूध तळाला लागतं आणि कडेचं मागे राहतं. तांबं स्टीलपेक्षा वीस-पंचवीस पट चांगली उष्णता वाहून नेतं, म्हणून तळभर सारखी धग मिळते. आच कमी केली की उकळीही पटकन बसते. साय काय सुरेख धरते!

तक्रार कड्यांची. पितळही वाहकच, चांगलाच चटका बसतो. लाकडी मूठ का नाही, असं दुकानातल्या काकांना विचारलं. "ताई, भरलेलं पातेलं एका मुठीवर पेलणार नाही," म्हणाले. पटलं. उचलताना सुती फडक्याची जाड घडी घ्या, पण कोरडी. कोरड्या कापडात अडकलेली हवा उष्णता अडवते. ओलं फडकं ती थेट हातापर्यंत पोचवतं.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, आणि कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. त्यामुळे रिकामं पातेलं आचेवर नको, तारेची घासणीही नको. थर उडून तांबं दिसू लागलं तर स्वयंपाक थांबवून पुन्हा कल्हई लावून घ्या. तिथेच लावून देतात. नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवताना जरूर बघा.

किंमत स्टीलच्या कितीतरी वर जाते, तरी मला ती रास्त वाटली. साध्या इंडक्शन शेगडीवर मात्र हे तापत नाही, घरात गॅस असेल तरच घ्या.