मल्टिमीटर की डीसी क्लॅम्प मीटर : घर आणि गाडीसाठी एकच घ्यायचा झाल्यास

घरातील व्होल्टेज पाहणे, तुटलेली वायर शोधणे, गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टवर आहे का आणि इंजिन चालू केल्यावर ती १४ च्या आसपास चढते का हे तपासणे, एवढेच काम असेल तर ऑटो-रेंज (मापाची रेंज स्वतःच निवडणारा) मल्टिमीटर आणि डीसी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा मीटर) यांत निवडण्यासारखे फारसे काही नाही. बंद केलेल्या वायरीवर शेजारच्या चालू वायरीमुळे दिसणारे चाळीस-पन्नास व्होल्टचे फसवे रीडिंगसुद्धा दोन्ही मीटर सारख्याच इमानाने दाखवतात. खरा फरक पडतो तो करंट मोजण्याची वेळ आल्यावर, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

आमच्या गाडीची बॅटरी दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की उतरू लागली. बॅटरी बदलूनही तक्रार तशीच राहिली, म्हणजे गाडी बंद असताना काहीतरी करंट खात होते. मल्टिमीटरने हे शोधायचे तर बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी लागते, लाल प्रोब १० अँपिअरच्या खोबणीत हलवावा लागतो आणि मीटर केबल व टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा लागतो. केबल सुटताच घड्याळ आणि काचांचे ऑटो सेटिंग गेले. ते एक वेळ सोडून देता येईल. त्रासदायक बाब अशी की पुन्हा जोडणी होताच गाडीतील सगळे मॉड्यूल (छोटे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) जागे होतात आणि ते शांत होऊन करंट स्थिर होईपर्यंत वीस-तीस मिनिटे थांबावे लागते. तेवढ्यात मगरचिमटा टर्मिनलवरून घसरला की पहिल्यापासून सुरुवात. शिवाय मधेच कोणी दार उघडून ब्लोअर चालू केला तर मीटरचा फ्यूज उडतो, आणि अगदी स्वस्त मीटरमध्ये त्या खोबणीला फ्यूजच नसतो. याहून वाईट म्हणजे एखादे मॉड्यूल अडकून बसल्यामुळे करंट जात असेल, तर केबल सोडवताच ते रीसेट होते आणि दोष लपतो. ज्या कृतीने रोग शोधायचा तिनेच तो झाकला जावा, ही गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही.

डीसी क्लॅम्पने हेच काम करताना काहीही सोडवावे लागले नाही. बोनेट उघडून निगेटिव्ह केबलभोवती जबडा अडकवला, गाडी लॉक केली आणि थांबलो. गाडी शांत झाल्यावरही आकडा ०.३८ अँपिअरवर अडून बसला. ५० मिलिअँपिअरच्या (०.०५ अँपिअरच्या) आत असणे साधारणपणे चांगले मानले जाते. मग एकेक फ्यूज काढत गेलो, तेव्हा बाहेरून बसवून घेतलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या फ्यूजवर आकडा ०.०३ वर उतरला.

अर्थात क्लॅम्पचेही लाड करावे लागतात. आतला हॉल सेन्सर (चुंबकत्वावरून करंट ओळखणारा भाग) पृथ्वीच्या चुंबकत्वालाही दाद देतो, त्यामुळे जबडा जिथे आणि ज्या दिशेने धरायचा तिथेच आधी झिरोचे बटण दाबावे लागते, आणि मीटर तापला-निवला की आकडा थोडा सरकतो. दहा मिलिअँपिअरच्या खालच्या रीडिंगवर मी विश्वास ठेवत नाही. मल्टिमीटरच्या बाजूने हेही सांगायला हवे की फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरील दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजूनही चोर पकडता येतो, कारण फ्यूजमधून करंट वाहत असेल तरच तिथे व्होल्टेज दिसते; मात्र १० किंवा १५ अँपिअरच्या लहान फ्यूजवर १०० मिलिअँपिअरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिव्होल्ट मिळतो आणि प्रोब हलला की आकडा नाचतो.

घरात क्लॅम्पची बाजू मला वाटले होते त्याहून जड निघाली. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर ५०० वॅटचा भार टाकला की बॅटरीच्या केबलमधून ४५ ते ५० अँपिअर वाहतात, आणि ते १० अँपिअरच्या मल्टिमीटरच्या आवाक्याबाहेरचे आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्यावेत. एरवी दोघांचे करंट एकमेकांना छेद देऊन शून्य दिसते, पण गळती असेल तर तेवढाच फरक उरतो. माझ्याकडील युनि-टी कंपनीचा यूटी-२१०ई हा क्लॅम्प २ अँपिअरच्या रेंजमध्ये १ मिलिअँपिअरपर्यंत दाखवतो, म्हणून हे जमते. सगळ्याच क्लॅम्पना जमेल असे नाही. त्याची कमाल मर्यादा १०० अँपिअर असल्याने स्टार्टरचा करंट मात्र त्याने मोजता येत नाही.

ज्यांची गाडी साधी आहे आणि घरात इन्व्हर्टर नाही, त्यांना मल्टिमीटर पुरेल. तो कित्येक पट स्वस्तही आहे. बाकीच्यांनी, माझ्या मते, थोडे थांबून पैसे साठवावेत आणि क्लॅम्पच घ्यावा. घेताना एवढे नक्की पाहावे की डायलवर अँपिअरच्या अक्षराशेजारी तरंगाच्या (एसी) खुणेसोबत सरळ रेघेची (डीसी) खूणही आहे, कारण दुकानात पुढे केले जाणारे बहुतेक स्वस्त क्लॅम्प केवळ एसी करंट मोजतात आणि गाडीच्या केबलवर ते शून्यापलीकडे काहीच दाखवत नाहीत.