वसईचा किल्ला की अलिबागचा कुलाबा : ठाणे-नवी मुंबईकरांनी एका दिवसासाठी काय निवडावे?

सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असा किल्ला आणि त्याला लागून समुद्रकिनारा हवा असेल, तर ठाणे आणि नवी मुंबईतील कुटुंबांसमोर प्रामुख्याने वसई आणि अलिबाग हे दोन पर्याय येतात. निवड करताना बहुतेक जण अंतर पाहतात. माझ्या मते आधी तिथी पाहावी, कारण वसईचा किल्ला जमिनीवर आहे आणि अलिबागचा कुलाबा समुद्रात.

कुलाब्याला ओहोटीत चालत किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीत ती वाट पाण्याखाली जाते. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा की, तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते आणि तिच्या सुमारे सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी असते. म्हणजे चतुर्थीला भरती दुपारी ३ च्या आणि ओहोटी सकाळी ९ च्या सुमारास. अष्टमीची ओहोटी भर दुपारी येते. वेळ सोयीची वाटली तरी ते भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, दिवस असल्यामुळे पाणी हवे तितके मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाणामुळे पाणी खूप दूर जाते, पण ते पहाटे आणि संध्याकाळी. त्यामुळे दोन्ही पक्षांतील तृतीया ते षष्ठी हे दिवस सर्वांत चांगले. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे आणि परतण्याची वेळ घोडागाडीवाल्यांना विचारून ठरवावी.

ही जुळवाजुळव सार्थकी लागते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलेला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झालेला हा किल्ला आटोपशीर आहे. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडावा, ही त्यामागची योजना सांगितली जाते. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आणि गोड्या पाण्याची सोय आहे, तर तटावर इंग्लंडमध्ये ओतलेल्या, चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत.

वसईला घड्याळाचे बंधन नाही. सुमारे ११० एकरांच्या परिसरात पोर्तुगीजांची पडझड झालेली चर्चे, मठ आणि कमानी विखुरलेल्या आहेत, त्यामुळे अर्धा दिवसही कमी पडतो. १५३४ च्या तहाने हा मुलूख गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने सुरुंगांनी तट फोडून किल्ला घेतला. त्याच मोहिमेच्या आरंभी, १७३७ मध्ये, ठाण्याचा किल्लाही मराठ्यांकडे आला होता. तो आज मध्यवर्ती कारागृह असल्याने ठाणेकरांना आपल्या गावाचा हा इतिहास पाहण्यासाठी वसईलाच जावे लागते! किल्ल्यात फलक मोजकेच असल्याने थोडे वाचून गेल्यास अवशेष अधिक कळतात.

किनाऱ्यांबाबत फार अपेक्षा ठेवू नये. वसईचा सुरूच्या झाडांचा किनारा सावलीमुळे बसायला चांगला आहे, पोहायला नाही. अलिबागचा मुख्य किनारा काळसर वाळूचा आणि सुट्टीच्या दिवशी गजबजलेला असतो. निवांतपणा हवा असेल त्यांनी जवळच्या आक्षी किंवा नागावला जावे.

प्रवासाचे गणित राहत्या ठिकाणानुसार बदलते. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने वसईचा किल्ला ४० किलोमीटरच्या आसपास आहे, परंतु तेथील कोंडीत किती वेळ जाईल हे कोणी सांगू नये. दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्या असल्याने दादरला गाडी बदलून वसई रोडला उतरणे अधिक भरवशाचे ठरते. वाशी-बेलापूरकरांना पेण-वडखळमार्गे अलिबाग सोपे पडते; मात्र शनिवारी सकाळी उशिरा निघाल्यास वडखळपर्यंतच ओहोटी संपलेली असू शकते.

घरातील वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर वसईच निवडावी, कारण तेथे वाहन अवशेषांच्या बऱ्यापैकी जवळ जाते आणि ओल्या, खडकाळ वाटेवर चालावे लागत नाही. शाळकरी मुलांना समुद्रातून चालत किल्ल्यात जाण्याचे अप्रूप अधिक असल्याने त्यांच्यासाठी कुलाबा. पावसाळ्यात कुलाब्याचा विचार सोडून द्यावा. वसई तेव्हा हिरवीगार असते, परंतु शेवाळलेल्या जिन्यांवर आणि तटावर चढणे टाळावे. पिण्याचे पाणी आणि खाणे मात्र कोणत्याही ऋतूत बरोबर न्यावे.