ठाण्यात नौपाड्यातलं लसीकरण केंद्र : डायलिसिसच्या पेशंटला घेऊन जावं असं

डायलिसिस सुरू करायचं म्हटलं की आधी हिपॅटायटिस बी, सी (रक्तातून पसरणाऱ्या काविळी) आणि एचआयव्हीचे रिपोर्ट मागतात. बी निगेटिव्ह असेल तर लस घ्या म्हणतात. ह्यांच्यासाठी आधी घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. किडनीचा पेशंट आहे हे दोनदा सांगूनही तिथे नेहमीचेच तीन डोस सांगितले. लस न घेताच परतलो. मग ह्यांच्या किडनीच्या डॉक्टरांनी गावदेवी मैदानाजवळच्या या केंद्रात पाठवलं, ते फार बरं झालं.

इथल्या डॉक्टरांनी फाईल पहिल्या पानापासून वाचली. किडनी काम करेनाशी झाली की प्रतिकारशक्तीही मंदावते, लस टोचूनसुद्धा पुरेशा अँटिबॉडी तयार होत नाहीत. म्हणून डायलिसिसवाल्यांना २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅमचा डोस, म्हणजे एकावेळी दोन कुप्या, आणि तोही चार वेळा : आज, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. हे सगळं त्यांनी ह्यांच्याकडे बघून, ह्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. नाहीतर पेशंट समोर बसलेला असतो आणि डॉक्टर बोलतात बायकोशी.

सिस्टरचं काम तर बघत राहावं असं. "काका, फिस्टुला कुठल्या हाताला?" हा तिचा पहिला प्रश्न. फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेली शीर, त्या हाताला लस टोचत नाहीत. डावा म्हटल्यावर उजव्या हाताची बाही वर करायला सांगितली. फ्रिजच्या दारावर तापमानाची वही लटकवलेली, सकाळ-संध्याकाळच्या नोंदी पेनाने केलेल्या, सगळ्या २ ते ८ अंशांच्या आत. कुपी काढून तिने हलकेच हलवली आणि उजेडात धरून मला दाखवली. आतलं औषध एकसारखं दुधाळ होतं. "काकू, ही लस एकदा गोठली की फुकट गेली. मग हलवून ठेवली तरी गाळ पटकन खाली बसतो." सुई दंडातच दिली, कमरेत दिली तर या लशीचा परिणाम कमी होतो म्हणाली. दोन्ही कुप्यांची लेबलं बॅच नंबरसकट कार्डावर चिकटवून वर शिक्का मारला. डायलिसिस सेंटरला नेमकं हेच हवं असतं.

माझ्या मनात एक भीती होती, ती विचारून टाकली : लशीतूनच कावीळ झाली तर? डॉक्टर म्हणाले, यात विषाणू नसतोच, फक्त त्याच्या वरच्या आवरणातलं एक प्रथिन असतं आणि ते यीस्टमध्ये तयार करतात. मग त्यांनी बारूक ब्लुमबर्ग यांच्याबद्दल सांगितलं. हा माणूस काविळीवर संशोधन करतच नव्हता. काही माणसं ठरावीक आजारांना लवकर बळी का पडतात, हे शोधायला तो जगभरातल्या लोकांचं रक्त तपासत होता. त्यात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. १९६५ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि पुढच्या काही वर्षांत ते हिपॅटायटिस बीचं निघालं. त्यावरून रक्तपेढ्यांत तपासणी सुरू झाली, लसही आली, आणि १९७६ मध्ये ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये ही लस बनवली आणि ती सामान्यांच्या खिशाला परवडू लागली. मला हे ऐकून भरून आलं. ज्या यंत्रावर ह्यांचं रक्त फिरतं तिथे रोज किती जणांचं रक्त येतं, हे मी डोळ्यांनी बघते.

शेवटच्या डोसनंतर दीड महिन्याने अँटिबॉडी टायटर, म्हणजे रक्तात अँटिबॉडी किती झाल्या याची तपासणी, केली. १० च्या वर हवी, ह्यांची ४६ आली. डॉक्टरांनी पेढे वाटायची घाई करू दिली नाही. डायलिसिसमध्ये हा आकडा उतरत जातो, दरवर्षी तपासायचा, १० च्या खाली गेला की बूस्टर.

आता उणं. केंद्र पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना उभा. डायलिसिस करून थकलेल्या माणसाला तो चढवणं म्हणजे शिक्षा आहे. खाली निदान एक खुर्ची आणि बेल ठेवा, हे मी लेखी देऊन आले आहे. दरांचा फलकही नाही, काउंटरवर विचारावं लागतं. याच दोन गोष्टींसाठी पाचातला एक तारा कापते.

शनिवारी संध्याकाळी लहान मुलांची गर्दी असते. डायलिसिस नसेल त्या दिवशी सकाळी जा, आधी फोन करून ४० मायक्रोग्रॅमसाठी दोन कुप्या बाजूला ठेवायला सांगा, आणि जुने रिपोर्ट सगळे न्या. ते खरंच वाचतात.