सीलबंद बेअरिंगचा हेडसेट घरी बसवला: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पुढचा ब्रेक करकचून दाबायचा आणि सायकल मागेपुढे ढकलायची. फोर्कच्या (पुढचं चाक धरणार्‍या चिमट्याच्या) मुळाशी 'टक्' असा धक्का बोटाला लागला, की हेडसेट, म्हणजे हँडल वळताना फिरणारा बेअरिंगचा सांधा, ढिला झाला असं समजा. माझ्या गिअरच्या हायब्रीडचा हा धक्का काही केल्या जात नव्हता. दुकानात घट्ट करून आणायचो, थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. शेवटी मे महिन्यात छर्‍यांचा जुना सेट काढला आणि सीलबंद बेअरिंगचा नवा घरीच बसवला. पुण्याचा अख्खा पावसाळा, रोजचं ऑफिस आणि कात्रजचा घाट, एवढं त्याच्यावर झालंय.

सुट्टे भाग मागवण्याआधी दोन गोष्टी तपासा. डिस्क ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये किंचित हलतात, त्यामुळेही असाच 'टक्' येतो. म्हणून चाक काटकोनात वळवून पुन्हा ढकलून बघा, तरीही आला तर तो पॅडचा नाही. मग चाक हाताने आडवं हलवून हबही (चाकाचा मधला भाग) ढिला नाही ना, ते पाहा.

बर्‍याचदा नवीन काहीच लागत नाही, नुसता क्रम बरोबर हवा. टॉप कॅपचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगवर दाब देतो. फोर्कची दांडी धरून ठेवतात ते स्टेमचे (हँडल त्या दांडीला जोडणार्‍या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट. ते आवळलेले असताना टॉप कॅप कितीही पिळली तरी खालचा ढिलेपणा जात नाही. आधी बाजूचे बोल्ट सैल करायचे, मग टॉप कॅप थोडी थोडी आवळायची, धक्का थांबला की थांबायचं. हँडल चाकाच्या रेषेत आणायचं आणि मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे, बहुतेक स्टेमना ५ न्यूटन मीटरच्या आसपास (आकडा स्टेमवर छापलेला असतो). नंतर पुढचं चाक उचलून धरा. हँडल आपसूक एका बाजूला पडलं पाहिजे. अडलं तर जास्त आवळलंय.

दांडीचं टोक स्टेमच्या वरच्या कडेपासून २-३ मिलिमीटर खाली असावं लागतं. नसेल तर टॉप कॅप दांडीवरच टेकते आणि दाब बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी एक पातळ स्पेसर (दांडीवर चढवायची कडी) घातला की काम होतं.

माझ्या सायकलीत मात्र छर्‍यांना धरणारी खालची जाळी गंजून तुटली होती आणि कपमध्ये (फ्रेमच्या नळीत ठोकलेल्या वाटीत) छर्‍यांचे खळगे पडले होते. हँडल सरळ आणलं की त्या खळग्यात अडकल्यासारखं जाणवायचं. खड्ड्यांचा मार आणि चाकाने उडवलेलं पाणी, दोन्ही खालच्या बेअरिंगलाच सोसावं लागतं. वरची जाळी अजून धड होती.

जुने कप आतून लोखंडी सळईने, आलटून पालटून दोन्ही बाजूंना ठोकून काढले. नवे बसवायला हार्डवेअरच्या दुकानातून आटे पाडलेला जाड रॉड, दोन नट आणि मोठे वॉशर आणले. एकेक कप सरळ धरून नट हळूहळू फिरवत राहायचं. तिरका जातोय वाटलं की लगेच मागे घ्यायचा. इथे घाई अजिबात नको, फ्रेमची पुढची नळी, म्हणजे हेड ट्यूबच, वाकडी झाली तर फ्रेम गेली. फोर्कवरची क्राउन रेस (खालचं बेअरिंग जिच्यावर टेकतं ती कडी) या सेटमध्ये एका जागी कापलेली आहे, ती हातानेच बसते.

पहिल्या काही दिवसांत कप जागेवर बसले आणि हलका ढिलेपणा आला. टॉप कॅप जराशी फिरवून घेतली, त्यानंतर हातच लावलेला नाही. घाट उतरताना ब्रेक मारला की हँडल थरथरायचं ते पूर्ण थांबलंय, मला याचंच सगळ्यात जास्त समाधान आहे. दिवाळीत उघडून पाहिलं तेव्हा बाहेरून लावलेलं ग्रीस चिखलाने काळं झालं होतं, पण बेअरिंग बोटावर फिरवलं तर खरखर नाही. पुसून नवं ग्रीस भरलं.

तक्रार एकच आहे. माझ्या भागातल्या दुकानांत छर्‍यांच्या जाळ्या लगेच मिळतात, ही बेअरिंग मात्र मागवावी लागतात. शिवाय ४१ आणि ४१.८ मिलिमीटर व्यासाची दोन मापं दिसायला सारखीच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. बेअरिंगच्या उतरत्या कडेचा कोनही ३६ किंवा ४५ अंश असतो. हे आकडे बेअरिंगच्या कडेवर कोरलेले असतात. बसवण्याआधीच त्यांचा फोटो काढून ठेवा, गंज चढल्यावर ते वाचता येत नाहीत.