पावसात रॉयल आयसिंग वाळवायला घेतलेला फूड डीहायड्रेटर: दुसऱ्या पावसाळ्यातला अनुभव

मी रत्नागिरीत घरूनच डेकोरेटेड कुकीजच्या ऑर्डरी घेते, चार वर्षं झाली. या चार वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा कुठला प्रश्न आला असेल तर तो डिझाइनचा नाही, रंगांचा पण नाही, "पावसात तुमचं आयसिंग वाळतं तरी कसं" हाच. परवा चिपळूणच्या एका ताईंनी परत तेच विचारलं म्हणून म्हटलं आता सगळं नीट लिहूनच टाकूया. उत्तर एका ओळीचं आहे, डीहायड्रेटर (गरम हवा फिरवून खायचे पदार्थ वाळवायचं मशीन) घ्या, पण कुठला घ्यायचा, किती डिग्रीवर लावायचा आणि त्याच्याकडून काय होत नाही हे कळल्याशिवाय सहा-सात हजार घालू नका.

आधी मी का घेतला ते सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत ४८ कुकीजची ऑर्डर होती, पांढऱ्या आयसिंगवर लाल जास्वंद, आणि गणपतीचं म्हणून सगळं एगलेस. पांढरा बेस भरला, रात्रभर पंख्याखाली ठेवला, सकाळी बोट लावलं तर वरून वाळल्यासारखं वाटलं म्हणून लाल पाकळ्या काढल्या. बाहेर तीन दिवस संततधार. संध्याकाळी बघते तर प्रत्येक पाकळीच्या कडेने गुलाबी रंग पांढऱ्यात उतरलेला, जणू ओल्या टिपकागदावर शाई सांडली. परत करायला एकच दिवस हातात होता. त्यात केल्या त्या २२ कुकीज झाल्या, बाकीचे पैसे परत दिले. त्या बाई खूप समजुतीने वागल्या पण आरतीनंतर मुलांना वाटायच्या कुकीज कमी पडल्या त्या पडल्याच, मला ते अजून लागतं.

आता असं का होतं ते बघा. रॉयल आयसिंग म्हणजे काय तर आयसिंग शुगर, पाणी आणि अंड्याचं पांढरं किंवा मेरिंग पावडर, म्हणजे त्याच पांढऱ्याची वाळवलेली पूड (एगलेस असेल तर त्याची वेगळी पावडर). ते वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं आणि साखर परत कडक होते, बाकी काही होत नाही. पण पाणी उडायला आजूबाजूच्या हवेत जागा पाहिजे ना. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवेतली आर्द्रता मोजायचं ३०० रुपयांचं एक छोटं हायग्रोमीटर आणलंय मी, ते जुलैत स्वयंपाकघरात ८८-९० टक्क्यांच्या खाली येतच नाही. अशा हवेत पंखा लावला की तीच ओली हवा गोल गोल फिरते. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, साधा टेबल फॅन लावून माझ्या कुकीज सात-आठ तासांत खडखडीत वाळतात, त्याच पंख्याखाली श्रावणात दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा नख रुततं. व्हिडिओत "रात्रभर ठेवा, सकाळी तयार" म्हणतात ते ज्यांच्या घरात हवा कोरडी आहे त्यांचं झालं.

मशीन घ्यायच्या आधी मी बाकी सगळं करून बघितलेलं. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, बाहेर काढलं की त्याच्यावर घाम फुटतो आणि असलेलं पण चिकट होतं. हेअर ड्रायर जवळून मारला तर ओल्या आयसिंगवर खळगे पडतात. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवल्या तेव्हा थोडा फरक पडला पण आतली हवा हलत नाही, त्यामुळे मागची ओळ वाळते आणि पुढची तशीच. एसीच्या खोलीत बरं वाळतं, पण आमच्याकडे एसी एकाच बेडरूममध्ये आहे आणि तिथे बाबा झोपतात, त्यांना रात्रभर गारठ्यात ठेवून मी कुकीज वाळवू का?

डोक्यात प्रकाश पडला तो आईमुळे. आमच्याकडे मे महिन्यात आंब्याचं साठं घालतात, म्हणजे आंबापोळी. तुपाचा हात फिरवलेल्या ताटात रसाचा पातळ थर, तो उन्हात वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. माझी ती लाल-पांढरी कुकी हातात घेऊन आई म्हणाली, "अगो, खालचा थर ओला असताना वर दुसरा ओतलासच कशाला? साठ्याला आपण ओततो का?" आणि खरंच, चूक रंगाची नव्हतीच. वरची साय धरली होती पण खालचं ओलंच होतं. साठ्याला वैशाखाचं ऊन असतं, गरम आणि वारा लागणारं. माझ्या कुकीजना ते ऊन भाद्रपदात कुठून आणायचं एवढाच प्रश्न होता.

तर मशीन. बाजारात दोन प्रकारचे डीहायड्रेटर मिळतात. एक गोल, एकावर एक डबे रचल्यासारखा, पंखा तळाला. दुसरा चौकोनी, छोट्या ओव्हनसारखा दिसणारा, पंखा मागच्या बाजूला. तो गोल घेऊ नका, कुकीजसाठी तरी. त्यात हवा खालून वर जाते, म्हणजे जाळीवर बटर पेपर घातला की हवा अडली, आणि खालचा ट्रे जास्त तापतो, वरचा कमी. मागे पंखा असलेल्यात हवा प्रत्येक ट्रेवरून आडवी जाते, त्यामुळे पाचही ट्रे जवळपास सारखेच वाळतात. मी घेतला तो चौकोनी, ५ ट्रेचा, ४०० वॅटचा, ३५ ते ७० डिग्रीचा, ६८०० ला पडला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण हेच मशीन, अगदी हाच दरवाजा नि हीच बटणं, चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकतात. नाव बघू नका, पंखा मागे आहे का, तापमान ३५ पर्यंत खाली येतं का आणि ट्रे काढून मधली जागा वाढवता येते का, एवढं बघा. तापमान खाली येणं फार महत्त्वाचं आहे, काही स्वस्त मशीनना नुसतं चालू-बंदचं बटण असतं आणि ती सरळ ६०-७० ला जातात, ती आपल्या काही कामाची नाहीत.

ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला त्यांचा अनुभव मात्र चांगला नाही. ९ दिवसांनी आला, एक ट्रे कोपऱ्यात तडकलेला, फोटो पाठवले, तीनदा मेल केल्या तेव्हा कुठे पंधरा दिवसांनी दुसरा ट्रे आला. खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, मी काढला होता म्हणून निभावलं.

पहिल्याच दिवशी मी चूक केली ती तुम्ही करू नका. लवकर वाळेल म्हणून ५५ वर एक तास ठेवलं. आयसिंग वाळलं, पण कुकीतलं बटर वितळून वर आलं आणि पांढऱ्यावर पिवळट तेलकट डाग पडले, ते मग जात नाहीत. बटर पस्तिशीच्या आसपास वितळायला लागतं हे माहीत असून मी विसरले. त्यानंतर ४० वर आले आणि तिथेच थांबले. ४० वर २५ ते ३० मिनिटं, प्रत्येक फ्लडनंतर (म्हणजे पातळ आयसिंगने जागा भरली की), बस. इतक्या वेळात कुकी आतपर्यंत तापत नाही, वरचं आयसिंग मात्र धरतं.

हायग्रोमीटर एकदा मधल्या ट्रेवर ठेवून बघितलं. बाहेर ९०, आत दहा मिनिटांनी ४६. माझा विश्वासच बसेना, मग भाचा इंजिनीअरिंगला आहे त्याने समजावलं की हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण २७ डिग्रीची हवा ४० पर्यंत तापवली की तिची पाणी धरायची ताकद दुपटीने वाढते, म्हणून तिची आर्द्रता निम्म्यावर येते. आईचं वैशाखाचं ऊन ते हेच.

आयसिंग कसं वाळतं ते दरवाजाच्या काचेतून बघायला मला अजूनही आवडतं. आत घालताना सगळा पृष्ठभाग पाण्यासारखा ओला चमकत असतो, ट्यूबलाइटचं स्पष्ट प्रतिबिंब दिसतं. सहा-सात मिनिटांनी कडेने ती चमक मऊ व्हायला लागते, रेशमासारखी, आणि हळूहळू मध्याकडे सरकते. मधला ओला ठिपका लहान होत होत नाहीसा झाला की समजायचं साय धरली. तेव्हा बोटाचं मागचं पेर हलकेच टेकवून बघा. गार लागलं तर अजून पाणी उडतंय, आणखी दहा मिनिटं ठेवा. गार लागलं नाही आणि नखाने टिचकी मारल्यावर टक् असा कोरडा आवाज आला तर वर दुसरा रंग खुशाल घाला. गेल्या वर्षीच्या गणपतीत ६० जास्वंदी केल्या, एकीचाही रंग उतरला नाही. आणि चमक, ती तर पंख्याच्या आयसिंगला कधी आलीच नाही. हळूहळू वाळलं की आयसिंग खडूसारखं निस्तेज होतं, पटकन साय धरली की पोर्सेलीनच्या बशीसारखं दिसतं.

अजून एक फायदा, क्रेटर, म्हणजे आयसिंगमधले खड्डे, कमी पडतात. नावं लिहिताना, छोटी पानं, मोदकाच्या कळ्या, बाळाचे पाय अशा बारीक जागा भरल्या की वाळता वाळता मध्येच खड्डा पडतो, हा अनुभव सगळ्यांना असेल. जागा जेवढी लहान आणि आयसिंग जेवढं पातळ तेवढा धोका जास्त. मी आता बारीक जागेला फ्लड थोडा घट्ट ठेवते, स्क्राइबने (सुईसारख्या टोकदार काडीने) ओढलेली रेघ पंधरा-वीस सेकंदांनी मिटेल इतपत, आणि भरल्या भरल्या पाच मिनिटांच्या आत कुकी मशीनमध्ये. त्यासाठी मशीन आधीच गरम करून ठेवायचं, सगळ्या भरून होईपर्यंत थांबायचं नाही, ट्रे भरला की आत. असं सुरू केल्यापासून खड्डा पडलेली कुकी क्वचितच निघते.

आता त्याच्याकडून काय होत नाही ते. पूर्ण वाळवायचं काम हे मशीन करत नाही, निदान करून घेऊ नये. अर्ध्या तासात वरचा थर धरतो, आत ओल राहतेच. ते पूर्ण वाळवायला चार-पाच तास आत ठेवलंत तर खालची कुकी कोरडी खडंग होते आणि तेल सुटायची भीती वेगळी. शेवटचा थर धरल्यावर मी त्या बंद खोलीत, पंख्याखाली, पावसाळ्यात किमान १२ तास ठेवते, एगलेस असेल तर १६, आणि भर पावसात सकाळी परत २० मिनिटं ४० वर फिरवते. मगच पॅकिंग. घाई करून पॅक केलं की आतली ओल पिशवीत अडकते आणि दोन दिवसांत कुकी सादळते. आणि पॅकिंगला हीट सीलच करा, नुसती रिबिन बांधून चालणार नाही, आयसिंग साखरेचंच आहे, उघडं राहिलं की आपल्या हवेतलं पाणी परत ओढून घेतं. फूड ग्रेड सिलिकाची पुडी मोठ्या डब्यात घालते, प्रत्येक पिशवीत नाही.

जागेचं म्हणाल तर साडेतीन इंची कुकी एका ट्रेवर ९ बसतात, पण ट्रेंमधलं अंतर कमी असल्याने उठावाची फुलं वरच्या जाळीला लागतात, म्हणून मी एकाआड एक ट्रे काढून तीनच लावते. म्हणजे एका वेळी २७. शंभराची ऑर्डर आली तर अख्खा दिवस मशीन चालू. विजेचं फार नाही, ४०० वॅट म्हणजे अडीच तासांना एक युनिट. आवाज मात्र एक्झॉस्ट फॅनसारखा सतत घुंईंऽ असतो, रात्री अकरानंतर मी लावत नाही.

आणि लाईट. पावसात लाईट जाणार हे धरूनच चाला. आमच्या इन्व्हर्टरवर अर्धा तास निघतो, पण बाकी सगळं बंद करून. लाईट गेली तर दरवाजा उघडून कुकीज बाहेर काढा, पंखा बंद असताना आत गरम दमट हवेत ठेवल्या की परत चिकटतात, माझ्या एक ट्रे तशा गेल्या.

महिन्याला एखादीच ऑर्डर करत असाल आणि पावसाळ्यात बंद ठेवत असाल तर याची गरज नाही, डिसेंबरचा पंखा पुरेसा आहे. पण श्रावण ते गणपती हाच तुमचा धंद्याचा काळ असेल, माझा आहे, तर पहिल्या दोन मोठ्या ऑर्डरींत पैसे सुटतात. पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो ट्रेंमधल्या अंतरासाठी, तो दोष मशीनच्या रचनेतलाच आहे.

एक राहिलं. बऱ्याच जणी विचारतात की यात आमसुलं वाळतात का. वाळतात. यंदा कोकमाचा शेवटचा तोडा मिरगाच्या पावसात सापडला, अंगणात ऊन नाही, तेव्हा आईने आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, बुडवलेली सालं माझ्याच मशीनमध्ये पसरली आणि ५५ वर दोन दिवसांत, मध्ये मध्ये परत आगळात बुडवून काढून, छान काळी आमसुलं झाली. पण ट्रेची जाळी जी जांभळी झाली ती सोडा, लिंबू सगळं घासूनही निघाली नाही आणि वास पण धरून बसला. म्हणून कोकमाचे ट्रे वेगळे ठेवा. मी दोन जादा मागवलेत, ३५० ला एक, तोपर्यंत त्या जांभळ्या ट्रेवर पांढऱ्या कुकीज ठेवत नाहीये.